सभ्य होण्याचें शिक्षण

आमच्या सुशिक्षित घरांतून मुलांच्या शिक्षणाची काळजी थोडी वाहिली जाते असें कोणी म्हणणार नाहीं. गणिताची शिकवणी, रसायनशास्त्राची शिकवणी, सुटींत स्तोत्रांचें पाठांतर, सर्व कांहीं यथासांग चालतें. परंतु त्याच घरांतील पदवीधर चिरंजीवांच्या हातीं सातबाराचा उतारा द्यावा, म्हणजे ते कागद उलटा धरतात कीं सुलटा हें पाहण्यासारखें असतें. लबाड माणसास 'चारशेवीस' म्हणावयास ते शिकलेले असतात; पण १८६० चा दंडविधानाचा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, आणि फसवणुकीचें कलम आतां ३१८ वें आहे, हें त्यांना कोणी सांगितलेलें नसतें. कायदा म्हणजे वकिलांचें काम, ही समजूत ज्यांच्या पूर्वजांनीं मिताक्षरा घोकली त्यांच्याच घरांत रुजावी, याचें आम्हांस नवल वाटतें.

कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यांत विज्ञानेश्वरानें याज्ञवल्क्यस्मृतीवर ही टीका लिहिली. वडिलोपार्जित मिळकतींत पुत्राचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो, हें तिचें प्रसिद्ध प्रतिपादन. आमचीं एकत्र कुटुंबें त्याच पायावर उभीं राहिलीं. मुलीस मात्र तसा हक्क नव्हता. महाराष्ट्रानें १९९४ सालीं तो दिला, पण त्यापूर्वीं विवाह झालेल्या मुली वगळल्या. पुढें ९ सप्टेंबर २००५ पासून विवाहित-अविवाहित हा भेद न ठेवतां सर्वच मुली मुलांच्या बरोबरीनें सहदायाद झाल्या. त्या दिवशीं वडील हयात असलेच पाहिजेत काय, यावर बराच मतभेद चालला. तशी आवश्यकता नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० रोजीं दिला. एवढी गोष्ट किती घरांतून मुलींस सांगितली जाते? जावयाच्या पगाराची चौकशी होते. मुलीच्या हिश्श्याची होत नाहीं.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत कांहीं वर्षांपूर्वीं घडलेली गोष्ट. आजोबांच्या वर्षश्राद्धानंतर दोघां भावांनीं बहिणीपुढें हक्कसोडपत्राचा कागद ठेवला. नोंदणी कचेरींत जाण्याचा दिवसही ठरला होता. तेवढ्यांत कॉलेजांत जाणारी थोरल्या भावाची मुलगी म्हणाली, "आत्या, थांब, मी मोठ्यानें वाचतें." माजघरांत वाचन सुरू झालें. गांवच्या शेताचे गट क्रमांक संपले, आणि त्याच्या खालीं शहरांतील राहतें घरही निघालें! आत्याची समजूत केवळ शेतापुरती होती. तिनें शेताचा हक्क आनंदानें सोडला, घराचा ठेवला, आणि कागद नव्यानें लिहिला गेला. भावांचा हेतु वाईटच होता असें आम्ही म्हणत नाहीं; लिहिणारानें सगळी मिळकत एका कागदांत घातली असेल. पण त्या वर्षींच्या भाऊबीजेस धाकटा भाऊ ओवाळून घेऊन तसाच निघाला, जेवावयास थांबला नाहीं. आणि मुलीला घरांत 'वकीलीणबाई' हें नांव पडलें. बहिणीनें हक्क सोडूं नये असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. मात्र काय सोडतों तें वाचून सोडावें. एकदां नोंदलेला कागद फिरविणें किती कठीण, हें न्यायालयाच्या पायऱ्या झिजविणारांस विचारावें.

घराबाहेर पडलें कीं पहिली पाठशाळा सभेची. 'सभ्य' हा शब्द आम्ही हल्लीं हळू बोलणाऱ्या, नीटनेटक्या माणसास लावतों. व्याकरणानें त्याचा अर्थ सभेंत बसण्यास योग्य असा माणूस. त्या अर्थानें आमच्या तरुणांत सभ्य किती निघतील? महाराष्ट्रांत ग्रामसभा वर्षांतून निदान चार वेळां भरविलीच पाहिजे. गांवच्या मतदारयादींत ज्याचें नांव, तो तिचा सभासद. त्यासाठीं निवडून यावें लागत नाहीं. गणपूर्तीस शेंकडा १५ मतदार किंवा १०० माणसें, यांपैकीं जी संख्या कमी ती पुरते. तेवढींही न जमलीं तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेस गणपूर्तीची अट नाहीं. म्हणजे दहा-पांच माणसें बसून गांवाचा पैसा कोठें जावा तें ठरवितात, आणि बाकीचे ओट्यावर बसून त्यांस दोष देतात. सुटींत गांवीं गेलेल्या मुलांना आंब्याच्या अढीबरोबर पंचायतीचें अंदाजपत्रकही दाखवावें. शहरांतील मुलांना तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या न्यायालयांत एक दिवस नेऊन बसवावें. कांहीं विशिष्ट खटले सोडले तर न्यायालयाचें कामकाज उघडें असतें.

माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा तर निबंधाच्या तासास शिकवावा असा आहे. दहा रुपयांचें शुल्क, अर्जाचें कारण सांगण्याची सक्ती नाहीं, आणि साधारणतः तीस दिवसांच्या आंत उत्तर. महाराष्ट्रांत अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आंत असावा असा नियम आहे. मुलांच्या लांबट निबंधांवर तांबड्या शाईनें रेघा ओढण्यांत आयुष्य घालविल्यामुळें या नियमाचें आम्हांस विशेष कौतुक आहे!

मतदानाचें वय १९८९ सालीं एकविसावरून अठरावर आलें. पूर्वीं १ जानेवारी हीच एक तारीख धरली जाई, त्यामुळें फेब्रुवारींत जन्मलेल्या मुलास जवळजवळ वर्षभर खोळंबावें लागे. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर अशा चार तारखा झाल्या, आणि सतरा वर्षें पूर्ण होतांच आगाऊ अर्ज करतां येतो. अर्जाचा नमुना सहा क्रमांकाचा. वयाचा पुरावा, राहण्याचा पुरावा आणि छायाचित्र एवढें जवळ असलें म्हणजे एका दुपारचें काम आहे. तें मुलानें स्वतः करावें, वडिलांनीं शेजारीं बसून नुसतें पाहावें.