‘माझी मुळं साखरखेर्ड्यात आहेत’ आणि ‘मी मूळचा साखरखेर्ड्याचा’: दोन्हींत फरक काय?

पुण्यात खोली भाड्याने बघायला गेलात, की घरमालक नावानंतर लगेच दुसरा प्रश्न विचारतात, “मूळचे कुठले?” तुम्ही सांगता, “बुलढाण्याचा.” पुढचा प्रश्न येतो, “बुलढाण्यात कुठे?” मग खरं उत्तर द्यावं लागतं, “साखरखेर्डा. सिंदखेड राजा तालुका.”

हीच गोष्ट इन्स्टाग्रामवर लिहायची झाली, की वाक्य बदलतं: ‘माय रूट्स, साखरखेर्डा’. बातमीत त्याचं होतं ‘त्यांची मुळं साखरखेर्ड्यात आहेत’. वरवर पाहता अर्थ एकच. पण इंग्रजीतून आलेलं हे वाक्य बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतं. मराठीत त्यांच्यासाठी वेगवेगळे शब्द आहेत.

‘रूट्स’ एवढं लोकप्रिय कशामुळे झालं?

मूळ म्हणजे वंश किंवा उगम, हा अर्थ इंग्रजीत जुनाच आहे. पण त्याला मोठी लोकप्रियता मिळाली ती अमेरिकन लेखक ॲलेक्स हेली यांच्या ‘रूट्स’मुळे. १९७६ साली पुस्तक आलं आणि जानेवारी १९७७ मध्ये त्यावरची टीव्ही मालिका. गुलाम म्हणून आफ्रिकेतून नेलेल्या कुंटा किंटेची आणि त्याच्या पुढच्या पिढ्यांची ही गोष्ट. हेलींनी मांडलेल्या वंशावळीवर पुढे इतिहासकारांनी शंका घेतल्या, पण आपलं मूळ शोधायची ओढ तोवर घरोघरी पोहोचली होती.

म्हणजे तिथे ‘रूट्स’ या शब्दामागे एक तुटलेपण आहे. ज्यांना गावातून, भाषेतून, नावातून उपटून काढलं, त्यांनी परत शोधलेली ही गोष्ट आहे.

मराठीत ‘मूळ’ काय करतं?

आपल्याकडे ‘मूळ’ बहुधा एकवचनी असतं आणि साधी माहिती देतं. मूळ गाव, मूळ पुरुष, मूळचे अमुक गावचे. ‘मूळचे’ म्हटलं की ‘आता तिथे नाही’ हेही त्यातच आलं. ‘मुळं’ असं अनेकवचन आपण काढतो तेव्हा बऱ्याचदा ती खणून काढायची असतात: भ्रष्टाचाराची पाळंमुळं, समूळ उच्चाटन, निर्मूलन.

मूळ फार उकरू नये, असंही भाषा सांगते. ‘ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये’ ही म्हण त्यासाठीच.

आणि मायेचं काय? त्याला आपला शब्द ‘नाळ’. ‘गावाशी नाळ तुटलेली नाही’ असं आपण म्हणतो. आईकडच्या नात्यासाठी ‘आजोळ’ आहे. साखरखेर्ड्याच्याच तालुक्याचं ठिकाण असलेलं सिंदखेड राजा हे जिजाऊंचं जन्मस्थान, म्हणून शिवरायांचं आजोळ. एका ‘रूट्स’मध्ये हा तपशील मावत नाही.

जुन्या मराठीत ‘मूळ’ला आणखी एक अर्थ होता. सासरी गेलेल्या लेकीला माहेरी आणायला जे बोलावणं किंवा माणूस पाठवायचे, त्यालाही ‘मूळ’ म्हणत. ‘मुराळी’ हा शब्द त्याच अर्थाचा.

साखरखेर्ड्याची लढाई: एक वाक्य, तीन अर्थ

ऑक्टोबर १७२४ मध्ये साखरखेर्ड्याजवळ निजाम-उल-मुल्क आणि हैदराबादचा सुभेदार मुबारीझ खान यांच्यात लढाई झाली. मुबारीझ खान मारला गेला आणि दख्खनेत निजामाची सत्ता पक्की झाली. ती १९४८ पर्यंत टिकली.

आता ‘निजामाची मुळं साखरखेर्ड्यात आहेत’ असं कुणी लिहिलं तर? वंश म्हणाल तर त्याचे पूर्वज मध्य आशियातून आलेले. सत्तेचा पाया म्हणाल तर वाक्य बरोबर. नाळ म्हणाल तर साफ चूक. मराठीत ‘निजामाच्या राज्याचा पाया साखरखेर्ड्यात घातला गेला’ एवढं म्हटलं की गोंधळ संपतो.

वराडकरांचं गाव कोणतं?

२०१७ साली लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले, तेव्हा मराठी वाचकाला फार शोधावं लागलं नाही. गाव आडनावातच होतं: मालवण तालुक्यातलं वराड. वडील तिथले, आई आयरिश, स्वतः लिओ डब्लिनमध्ये जन्मलेले. डिसेंबर २०१९ मध्ये ते वराडला येऊन गेले. ‘त्यांच्या वडिलांचं गाव वराड’ हे वाक्य पूर्ण खरं आहे. ‘त्यांची मुळं वराडमध्ये’ म्हटलं की डब्लिन आणि आई दोन्ही गायब होतात.

शब्दाने एवढा काय फरक पडतो?

पडतो, कारण ‘मूळ’ सरकारी कागदावरही असतं. महाराष्ट्रात जातीचा दाखला काढताना कुटुंब ठरावीक तारखेला कुठे राहत होतं हे बघितलं जातं. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्यानंतर कुटुंब पुण्याला आलं असेल, तर नातवालाही आजोबांच्या शाळेचा दाखला शोधत गावाकडे जावं लागतं.

पण ज्यांचे आजोबा गावोगाव पालं ठोकत फिरले, त्यांनी कुठल्या गावात जायचं? त्यांना कूळ आहे, देव आहे, भाषा आहे. कागदावर दाखवायला एक गाव मात्र नाही. प्रत्येक माणूस झाडासारखा एकाच जागी रुजलेला असतो, हे ‘मुळं’ या शब्दाने गृहीत धरलं की असे लोक ‘मूळ नसलेले’ ठरतात. ते तसे नाहीत.

मग म्हणायचं काय?

‘मुळं’ हा शब्द टाकून द्यायची गरज नाही. फक्त लिहिण्याआधी विचारावं: जन्म सांगायचाय, वडिलांचं गाव, आजोळ, सुरुवात की माया? जे असेल ते नाव घेऊन सांगावं.

लढाई जिंकल्यावर निजामाने साखरखेर्ड्याचं नाव बदलून फत्तेखेर्डा केलं होतं. नाव मोठ्या विजयाचं होतं, पण ते रुजलं नाही. आजही पुण्यातल्या घरमालकाला आपण साखरखेर्डा हेच नाव सांगतो.