डेडलॉक म्हणजे गर्दी नव्हे

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता एकत्र येतात. तिथे चारही बाजूंच्या गाड्या एकदम घुसल्या, की प्रत्येकीची पुढची जागा दुसरीने अडवलेली असते; इंजिन कितीही ताकदीचं असो, कुणालाच सरकता येत नाही. अनेक प्रोसेसर जोडलेल्या समांतर संगणकात संदेशांची अशी कोंडी झाली, की तिला डेडलॉक म्हणतात. ही निव्वळ गर्दी आहे, तारा वेगवान केल्या किंवा बफर (संदेश तात्पुरते थांबवायची जागा) वाढवले की सुटेल, हा त्याबद्दलचा सर्वांत चिवट गैरसमज. गर्दी ओसरते, डेडलॉक ओसरत नाही. चौरसाच्या चार कोपऱ्यांवर चार नोड, म्हणजे चार प्रोसेसर, आहेत असं धरा. प्रत्येक संदेशाने एक दुवा अडवलाय आणि त्याला हवा असलेला पुढचा दुवा दुसऱ्याच्या ताब्यात आहे. चौथ्याला हवा आहे तो पहिल्याचा. बफर मोठा केल्याने हा क्षण लांबतो, इतकंच.

पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा केला, तो ट्रान्सप्युटर चिपवर. टी८०० ट्रान्सप्युटरला दुवे चारच. त्यामुळे लांबच्या नोडचा निरोप मधल्या नोडनी हातोहात पुढे द्यायचा. अशा यंत्रांसाठी डेडलॉक हा पुस्तकी प्रश्न नव्हता. विल्यम डॅली आणि चार्ल्स साइट्झ यांनी १९८७ मध्ये त्याचं उत्तर मांडलं: कोणता चॅनल (म्हणजे दुवा) कोणत्या चॅनलची वाट पाहू शकतो, याचा आलेख काढा; त्यात वर्तुळ नसेल, तर डेडलॉक होऊच शकत नाही. जाळीच्या रचनेत त्यासाठी साधा नियम पुरतो: आधी आडवं जायचं, मग उभं, आणि उभ्यावरून पुन्हा आडवं वळायचं नाही. जाळीच्या कडा एकमेकींना जोडून टोरस केला, की मात्र एकाच ओळीत वर्तुळ तयार होतं. तिथे एका तारेवर दोन आभासी चॅनल ठेवून, ठरावीक जागा ओलांडणाऱ्या संदेशाला दुसऱ्या चॅनलवर घालावं लागतं.

इंटरनेट अडलेलं पॅकेट टाकून देतं, मग इथे का नाही, असं कुणी विचारेल. समांतर संगणक जोडणाऱ्या इन्फिनिबँडसारख्या जाळ्यात समोर जागा असल्याशिवाय संदेश पाठवलाच जात नाही. वाटेत टाकून पुन्हा पाठवण्याचा विलंब समांतर गणनेला परवडत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा: ठरलेल्या वाटेने जायचं, तर मोकळ्या वाटा वाया जातात. पण एवढी कडक शिस्त लागतच नाही. सपाट जाळीत आठ प्रकारची वळणं असतात. आडवं-मग-उभं हा नियम त्यातली चार बंद करतो. दोनच बंद करूनही भागतं, हे ग्लास आणि नी यांनी १९९२ मध्ये दाखवलं. अर्थात कुठलीही दोन नव्हेत: उजव्या वळणांचं एक आणि डाव्या वळणांचं एक, अशा दोन वर्तुळांतलं एकेक वळण निवडण्याच्या १६ जोड्यांपैकी १२ सुरक्षित ठरतात. १९९३ मध्ये होसे दुआतो यांनी आणखी सूट मिळवली. अडलेल्या प्रत्येक संदेशाला कधीही वर्तुळमुक्त चॅनलवर उतरता येत असेल, तर बाकीच्या चॅनलांत वर्तुळं खुशाल राहू द्यावीत.