जगबुडी आणि सुटे पैसे

मरणावर हसावे का? अमेरिकन चित्रपटातली 'ब्लॅक कॉमेडी', म्हणजे काळा विनोद, पाहताना हा प्रश्न पडतोच. मला हा प्रकार उमगला तो स्टॅन्ले कुब्रिक यांच्या १९६४ सालच्या 'डॉ. स्ट्रेंजलव्ह'मुळे.

गोष्ट हसण्यासारखी मुळीच नाही. पाण्यात फ्लोराइड मिसळणे हा कम्युनिस्टांचा कट आहे, असे डोक्यात घेतलेला एक अमेरिकी जनरल परस्पर रशियावर अणुबॉम्बची विमाने धाडतो. पीटर जॉर्ज यांची मूळ कादंबरी गंभीर होती. कुब्रिकही गंभीर पटकथाच लिहायला बसले होते. पण हास्यास्पद म्हणून जे जे खोडावे लागत होते, तेच सर्वांत खरे आहे, हे त्यांच्या ध्यानात आले.

एक प्रसंग सांगतो. विमाने माघारी बोलावण्याचा संकेत मँड्रेक या ब्रिटिश अधिकाऱ्याला सापडतो. राष्ट्राध्यक्षांना कळवायचे, तर हाताशी फक्त नाणी टाकायचा सार्वजनिक फोन. ट्रंककॉलला सुटे पैसे कमी पडतात. बिल तिकडेच लावा म्हणावे, तर व्हाइट हाउस तसा कॉल घेत नाही! जग ५५ सेंटांवर अडलेले. तो शेजारच्या कर्नलला सांगतो, ते कोका-कोलाचे यंत्र गोळीने फोडा. कर्नल बिचकतो. खासगी कंपनीची मालमत्ता ना ती!

मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मोठ्याने हसलो. मग जाणवले, की क्षणभर मलाही कर्नलचे म्हणणे पटले होते. खरेच, भरपाई कोण देणार?

इथे कोणी विनोद करत नाही, बरे का. प्रत्येकजण आपले काम नियमाने करतो आहे. हसू आपल्याला येते, पात्रांना नाही. शेवटी युद्धकक्षात एकमेकांवर क्रीमचे केक फेकण्याची मारामारी कुब्रिक यांनी चित्रित केली होती. ती नुसता फार्स वाटते म्हणून त्यांनीच काढून टाकली. (यंत्र फुटल्यावर कर्नलच्या तोंडावर पिचकारी उडते, तेवढा मोह मात्र त्यांना आवरला नाही.)

अखेर संकेत पोहोचतो. उरलेली विमाने वळतात, एक सोडून. त्याचा रेडिओ निकामी झालेला असतो, आणि त्यातली माणसे तर सर्वांत कर्तव्यदक्ष.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)