पाणी आले, निचरा राहिला

पश्चिम महाराष्ट्रातल्या पाटपाण्याचा हिशेब शंभराहून अधिक वर्षे एकाच अंगाने मांडला गेला. धरणात किती साठले, चारीला किती सोडले, किती हेक्टर भिजले एवढेच त्यात दिसते. शेतातले जादा पाणी बाहेर कुठे जाणार, हा रकाना कोराच. 1880च्या दशकात नीरा डावा कालवा वाहू लागला आणि काही दशकांतच त्याखालच्या काळ्या जमिनी पाणथळ होऊ लागल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांनी याच कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. गटातल्या काही हिश्श्यातच ऊस, बाकीच्यात हंगामी पिके, असा तिचा कणा होता. तेव्हा धोका ठाऊक नव्हता असे म्हणायची सोय नाही. स्वातंत्र्यानंतर कृष्णा-वारणेकाठी सहकारी उपसा योजना आल्या, सोबत साखर कारखाने आले, आणि वाळवा-शिरोळकडे नीरेचीच गोष्ट नव्याने घडली.

बिघाड पाण्यातल्या क्षाराने होतो, पण त्याला वाट करून देते ते पाण्याचे प्रमाण. कालव्याच्या पाण्यात लिटरला 200 मिलिग्रॅम क्षार धरले, तर ते गोडेच पाणी. असे 2000 मिलिमीटर पाणी उसाला दिले की हेक्टरी 4 टन क्षार रानात उतरतात. निचरा असेल तर पावसाळा त्यातले बरेचसे धुऊन नेतो. काळ्या चिकण मातीत पाणी मुरते सावकाश. भूजल मुळांपर्यंत चढते, उन्हाने पाणी उडते आणि क्षार मागे राहतात. उन्हाळ्यात वरंब्यावर पांढरी साय दिसते, ऊस बेटाबेटाने उगवतो. पुढे सोडियम मातीच्या कणांना चिकटला की जमीन चोपण होते: ओली असताना लगदा, वाळली की दगड. मग नुसते पाणी सोडून ती धुता येत नाही, आधी जिप्सम घालावे लागते.

शेतकऱ्याच्या हावेला बोल लावणे सोपे आहे. पण पाणीपट्टी क्षेत्रावर, पुढची पाळी वेळेवर येण्याची खात्री नाही आणि दराची थोडीफार हमी फक्त उसाला. अशा वेळी मिळेल तेव्हा रान भरून घेणे हा व्यवहारच ठरतो. राज्याच्या 2005च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने पाणीवापर संस्थांना मोजून पाणी देण्याची वाट दाखवली, ती अजून पुरती वहिवाटीची झालेली नाही. ठिबकने सारे सुटेल, असेही ऐकू येते. ठिबकने नवे पाणी कमी होते हे खरे. पण आधीच वर आलेले भूजल त्याने खाली जात नाही, आणि ओलाव्याच्या कडेला क्षार साचतातच. जमिनीत मीटर-सव्वा मीटरवर सच्छिद्र पाईप टाकून निचरा करावाच लागतो, आणि शिरोळच्या दत्त कारखान्याच्या पुढाकाराने झालेल्या कामांत नापीक रानांत पुन्हा ऊस उभा राहिला. निचऱ्याबरोबर बाहेर पडणारा क्षार शेवटी नाल्यातून नदीतच जातो, हा आक्षेप मात्र खोडता येत नाही. म्हणून एकट्यादुकट्याने पाईप पुरण्यापेक्षा सगळ्या शिवाराचा निचरा एकत्र आखावा, त्या नाल्याचे पाणी तपासावे आणि त्याचा खर्च सिंचन योजनेच्याच अंदाजपत्रकात धरावा. चारी खोदताना चर खोदला असता, तर हा खर्च कितीतरी कमी झाला असता.