हिल्सबरो आणि डेटन : उत्क्रांतीचा खटला, नाटकातला आणि इतिहासातला

'इनहेरिट द विंड' हे जेरोम लॉरेन्स आणि रॉबर्ट ई. ली यांचे नाटक १९५५ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आले. १९६० मध्ये स्टॅन्ली क्रॅमर यांनी त्यावर चित्रपट काढला. शाळेत उत्क्रांती शिकवली म्हणून एका शिक्षकावर भरलेल्या खटल्याची ही कथा १९२५ च्या जुलै महिन्यात टेनेसी राज्यातील डेटन गावी चाललेल्या स्कोप्स खटल्यावर बेतलेली आहे. हा इतिहास नव्हे, असे लेखकद्वयाने प्रस्तावनेतच सांगितले होते. गावाचे नाव त्यांनी हिल्सबरो केले, पात्रांची नावे बदलली, काळही मोघम ठेवला. तरीही पुढच्या दोन-तीन पिढ्यांच्या मनात डेटनचे जे चित्र उमटले, ते या नाटकातलेच.

नाटकाचा नायक बर्ट्रम केट्स सुरुवातीपासून कोठडीत आहे. गाव त्याच्या विरोधात पेटलेले आहे आणि ज्या धर्मोपदेशकाच्या मुलीवर त्याचे प्रेम आहे, तोच त्याला शाप देतो आहे. खरे जॉन स्कोप्स एक दिवसही तुरुंगात गेले नाहीत. धर्मोपदेशक आणि त्याची मुलगी ही पात्रे कल्पित आहेत. मुळात हा खटला गावकऱ्यांनी स्वतःहून ओढवून घेतला होता. सरकारी शाळेत मानवाची उत्पत्ती खालच्या प्राण्यांपासून झाली असे शिकवणे गुन्हा ठरवणारा 'बटलर कायदा' मार्च १९२५ मध्ये मंजूर झाला. त्याला आव्हान द्यायला तयार असलेल्या शिक्षकाचा खर्च आपण उचलू, असे अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनने वृत्तपत्रातून जाहीर केले. ते वाचून जॉर्ज रॅपलिया नावाचा कोळसा-लोखंड कंपनीचा व्यवस्थापक रॉबिन्सन यांच्या औषधांच्या दुकानात आला. गावाचा धंदा बसला होता. असा खटला डेटनमध्ये चालला तर गावाचे नाव देशभर होईल, ही कल्पना तिथल्या मंडळींना पटली. चोवीस वर्षांच्या स्कोप्सना टेनिस खेळताना बोलावून घेतले गेले. ते फुटबॉलचे प्रशिक्षक आणि सामान्य विज्ञानाचे शिक्षक होते. जीवशास्त्राचा वर्ग त्यांनी फक्त बदली म्हणून घेतला होता. त्या तासांत उत्क्रांती शिकवली की नाही, हे त्यांना नीट आठवतही नव्हते. ज्या पुस्तकावरून खटला उभा राहिला ते हंटर यांचे 'सिव्हिक बायॉलॉजी' त्याच दुकानात विकायला होते आणि राज्यानेच ते शाळांना नेमून दिले होते. दुकानाचे मालक रॉबिन्सन हे शाळा मंडळाचे अध्यक्ष. कायद्याने नेमलेले पुस्तक शिकवणे बंधनकारक आणि त्यातला एक भाग शिकवणे गुन्हा, हा पेच नाटकातल्या कोणत्याही प्रसंगाइतकाच नाट्यमय होता.

डेटनमध्ये जमाव होता, पण जत्रेचा. माकडांची चित्रे आणि खेळणी विकली जात होती, शिकागोच्या डब्ल्यूजीएन रेडिओ केंद्रावरून कामकाजाचे थेट प्रसारण होत होते. बचावाचे वकील क्लॅरेन्स डॅरो यांनी गावाच्या सौजन्याबद्दल कोर्टातच आभार मानले. केट्सच्या विरोधात पेटलेला नाटकातला जमाव मात्र डेटनमध्ये कधी नव्हता.

सर्वांत मोठा अन्याय नाटकाने सरकारी पक्षाचे वकील विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांच्यावर केला. नाटकातले त्यांचे प्रतिरूप, मॅथ्यू ब्रॅडी, खादाड, आढ्यताखोर आणि बायबलमधला शब्द न् शब्द अक्षरशः खरा मानणारे आहे. सृष्टी इसवी सन पूर्व ४००४ मध्ये अमुक तारखेला सकाळी नऊ वाजता निर्माण झाली, इथपर्यंत ब्रॅडीची मजल जाते. खरे ब्रायन तीनदा अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढलेले, शेतकरी-कामगारांची बाजू मांडणारे नेते होते. २० जुलैला उकाड्यामुळे आणि गर्दीच्या भाराने मजला खचेल या भीतीने कोर्ट बाहेर हिरवळीवर भरले, तेव्हा डॅरोंनी त्यांना सुमारे दोन तास प्रश्न विचारले. देवमाशाने गिळलेला योना, थांबलेला सूर्य, केनची बायको कुठून आली, असे सगळे विषय निघाले. ब्रायन अनेकदा अडखळले हे खरे. परंतु सृष्टीनिर्मितीचे सहा दिवस चोवीस तासांचेच असले पाहिजेत असे नाही, ते दीर्घ कालखंडही असू शकतील, असे त्यांनी स्वतःहून कबूल केले. ज्युरी यावेळी हजर नव्हती आणि दुसऱ्या दिवशी न्यायाधीश रॉलस्टन यांनी ही साक्ष नोंदीतूनच काढून टाकली. नाटकाचा जो कळस, त्याला प्रत्यक्ष निकालात कवडीचीही किंमत नव्हती.

निकालाचेही तसेच. दोषी ठरवा, म्हणजे वरच्या कोर्टात जाता येईल, असे डॅरोंनीच ज्युरीला सांगितले आणि नऊ मिनिटांत काम आटोपले. शंभर डॉलरचा दंड झाला. नाटकात ही शिक्षा कमी म्हणून ब्रॅडी संतापतो. ब्रायननी मात्र अशा कायद्यात शिक्षेचे कलमच असू नये असे आधी सुचवले होते आणि स्कोप्सचा दंड भरायची तयारीही दाखवली होती. ब्रॅडी कोर्टात भाषण करता करता कोसळून मरतो. ब्रायन गेले ते निकालानंतर पाच दिवसांनी, २६ जुलैला, दुपारच्या झोपेत. १९२७ मध्ये टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयाने दंड रद्द केला, पण तो ज्युरीऐवजी न्यायाधीशाने ठरवला या तांत्रिक कारणावरून. कायदा जागच्या जागी राहिला.

नाटकाने एक गोष्ट पूर्णच गाळली. 'सिव्हिक बायॉलॉजी'त उत्क्रांतीच्या शेजारीच मानववंशांची उतरंड होती, सर्वांत वर गोरा वंश होता, आणि 'निकृष्ट' कुटुंबांची वाढ रोखण्याचा सुप्रजननवादी उपदेशही होता. 'बळी तो कान पिळी' हा नियम विज्ञानाच्या नावाने समाजावर लादला जाईल, ही ब्रायन यांची भीती निराधार नव्हती. त्यांचा उपाय चुकीचा होता. ज्ञानावर बंदी घालून त्याचा गैरवापर थांबत नाही. तरी ही बाजू वगळल्यामुळे खटला शहाणे विरुद्ध अडाणी इतका सोपा झाला, आणि इतिहास समजून घ्यायचा तर तो सोपेपणा टाकून द्यावाच लागतो.

लेखकांनी हे बदल अज्ञानातून केले नाहीत. १९५० च्या दशकात सिनेटर मॅकार्थी यांच्या नावाने ओळखली जाणारी कम्युनिस्टविरोधी चौकशीसत्रे चालू होती. विचार करण्याच्या हक्काबद्दल बोलायला त्यांना जुना खटला हवा होता. मराठी रंगभूमीलाही असा खटला ठाऊक आहे. लैंगिक शिक्षणासाठी मासिक चालवणाऱ्या र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, १९३४ मध्ये त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली आणि तरीही कर्वे हरले. अजित दळवी यांचे 'समाजस्वास्थ्य' हे नाटक याच खटल्यांवर उभे आहे. कोर्टात हरलेला माणूस रंगमंचावर पुन्हा उभा राहतो, ही अशा नाटकांची मोठी ताकद आहे.

पण कोर्टावर प्रकाशझोत टाकला की कोर्टाबाहेरचे दिसेनासे होते. डेटननंतर अमेरिकी प्रकाशकांनी पाठ्यपुस्तकांतली उत्क्रांती गुपचूप पातळ केली. हंटर यांच्या पुस्तकाच्या १९२६ च्या नव्या आवृत्तीतही तसेच झाले. पुढे सोव्हिएत उपग्रह स्पुटनिकच्या धक्क्यानंतर, १९६० च्या दशकात, ती ठसठशीतपणे परत आली. बटलर कायदा १९६७ मध्ये रद्द झाला आणि १९६८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आर्कान्सामधला तसाच कायदा घटनाबाह्य ठरवला. मधली चार दशके वर्गातल्या मुलांना जे मिळाले नाही, त्यावर कुणी नाटक लिहिले नाही.

भारतातला प्रसंग याच जातीचा आहे. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादला केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेला नाही, म्हणून डार्विनचा सिद्धान्त अभ्यासक्रमातून काढावा, असे म्हटले. देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांनी संयुक्त पत्रक काढून ते खोडले आणि मंत्री प्रकाश जावडेकरांनी सहकाऱ्याला आवर घातला. गाजावाजा झाला आणि प्रश्न तिथेच मिटला असे वाटले. पुढे कोविडकाळात भार कमी करण्याच्या नावाखाली एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानातला उत्क्रांतीचा भाग वगळला गेला आणि २०२३ च्या पुस्तकात ती काटछाट कायम झाली. धड्याच्या नावात उरली फक्त आनुवंशिकता. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. इथे ना आरोपी होता, ना वकील, ना ज्युरी.

हीच पुस्तके वापरणारा सीबीएसईचा अभ्यासक्रम दुबईतल्या अनेक मराठी घरांतही शिकला जातो. दुबई खाडीच्या टोकाला रास अल खोर अभयारण्यात हिवाळ्यात हजारो रोहित पक्षी उतरतात. उथळ पाण्यात मान खाली घातली की या पक्ष्याची चोच उलटी होते. वरचा जबडा तळाकडे जातो आणि वर येतो तो खालचा, जो इतर बहुतेक पक्ष्यांच्या उलट जाड आणि खोल असतो. जाड जीभ पाणी आत ओढते, बाहेर ढकलते, आणि चोचीच्या कडेच्या दाट पट्ट्यांच्या चाळणीत बारीक जीव अडकतात. उलटे खाण्याची सवय आणि उलट घडणीची चोच एकमेकांना इतकी कशी जुळली, याचे उत्तर नैसर्गिक निवडीत आहे. ठाण्याच्या खाडीवर रोहित पाहणाऱ्या, महाराष्ट्र राज्य मंडळाच्या शाळेतल्या मुलाला ते 'आनुवंशिकता व उत्क्रांती' या दहावीच्या धड्यात सुरू झालेले सापडते. २०२३ चे केंद्रीय पुस्तक वाचलेल्या मुलाला त्यासाठी बारावीच्या जीवशास्त्रापर्यंत थांबावे लागते; दहावीनंतर वाणिज्य किंवा कला शाखेकडे गेलेल्यांच्या वाट्याला तो धडा येतच नाही.