अभिजात मोटारीतील जीर्ण जनित्र : दुरुस्ती की बदल?

प्रस्तावना

जुन्या मोटारीचे जतन करताना मूळ भाग राखावेत की वापराच्या सोयीसाठी नवे बसवावेत, हा प्रश्न वारंवार उद्भवतो. १९६२ मध्ये इंग्लंडमध्ये उत्पादन सुरू झालेल्या एमजीबी मोटारीतील ल्यूकास सी-४० डायनॅमोच्या आधारे प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे विवेचन केले आहे. १९६७ अखेरच्या मार्क-२ आवृत्तीपासून या मोटारीत डायनॅमोऐवजी अल्टरनेटर आला.

कार्य व मर्यादा

डायनॅमोत आर्मेचर चुंबकीय क्षेत्रात फिरते. कम्युटेटर व कार्बन ब्रश यांच्याद्वारे एकदिश प्रवाह बाहेर पडतो. सी-४०ची क्षमता सुमारे २२ अँपिअर आहे. परंतु ती इंजिनाच्या मंदगतीत मिळत नाही. १२ व्होल्टवर ६० वॉटचे दोन दिवेच १० अँपिअर घेतात. त्यामुळे रात्री, गर्दीच्या रस्त्यावर बॅटरी उतरू लागते. अल्टरनेटर मंदगतीतही उपयुक्त प्रवाह देतो.

दोषनिदान व दुरुस्ती

चार्जिंग थांबले म्हणजे डायनॅमोच निकामी झाला, असे नव्हे. प्रथम पट्टा व जोडण्या तपासाव्यात. नंतर ‘डी’ व ‘एफ’ टोकांवरील तारा काढून ती दोन्ही टोके परस्परांस जोडावीत आणि ती जोडणी व डायनॅमोची बॉडी यांच्यामध्ये व्होल्टमीटर लावावा. इंजिनाची गती सावकाश वाढविताना व्होल्टेज झपाट्याने व सलग वाढल्यास डायनॅमो सुस्थितीत असून दोष तारांत किंवा नियंत्रण-पेटीत शोधावा. चाचणीत गती मिनिटाला सुमारे १,००० फेऱ्यांपलीकडे नेऊ नये.

झीज प्रामुख्याने तीन ठिकाणी होते : ब्रश, कम्युटेटर आणि मागील टोकाचा बुश. ब्रश बदलणे सोपे असते. खाचा पडलेला कम्युटेटर लेथवर साफ करून पट्ट्यांमधील अभ्रक किंचित खाली कोरावे लागते. बुश झिजल्यास आर्मेचर ध्रुवांना घासते. म्हणून तो वेळीच बदलावा व त्यास नियमित तेल द्यावे. आर्मेचरचे वेटोळे जळाले असल्यास मात्र खर्च वाढतो. दुरुस्तीनंतर बॅटरीच्या जिवंत टोकाची तार ‘एफ’ टोकास क्षणभर लावून डायनॅमोला योग्य ध्रुवता द्यावी.

बदलाचे परिणाम

सुरुवातीच्या एमजीबीत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते, तर बहुतेक अल्टरनेटरना ऋण टोक तेथे लागते. बॅटरीची दिशा न बदलता असा अल्टरनेटर जोडल्यास त्यातील डायोड तत्काळ जळतात. नियंत्रण-पेटी वगळणे, जाड तार घालणे आणि इलेक्ट्रॉनिक फेरेमापक व रेडिओ यांची ध्रुवता तपासणे हेही आवश्यक ठरते.

निष्कर्ष

मोटार प्रदर्शनात वा दिवसाच्या मोजक्या प्रवासातच वापरली जात असेल, तर दुरुस्ती श्रेयस्कर होय. रात्रीचा नियमित प्रवास असल्यास अल्टरनेटर सुरक्षिततेच्या दृष्टीने समर्थनीय आहे. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या तुरिन सनदेतही मूळ सामग्रीच्या जतनावर भर आहे. म्हणून बदल असा करावा की तो मागे घेता यावा, आणि काढलेला डायनॅमो मोटारीसोबतच जपून ठेवावा.