धार कडक, पाठ मऊ : जपानी तलवार आणि विदर्भाचं लोखंड

मंडळी, गांधी-विनोबांच्या वर्धा जिल्ह्यात तलवारीवर व्याख्यान म्हटल्यावर काहींच्या भुवया उंचावल्या असतील. पण आजचा विषय लढाई नाही, लोहारकाम आहे. आणि जपान काही वर्ध्याला परकं नाही. जपानी भिक्षू फुजी गुरुजी गांधीजींना भेटायला इथेच आले होते. त्यांच्या परंपरेचा विश्वशांती स्तूप आज गीताई मंदिराजवळ उभा आहे.

आता मूळ प्रश्न. तलवार घडवणं अवघड का? लोखंडात कार्बन वाढला की ते कडक होतं, धार धरतं, पण ठिसूळही होतं. कार्बन कमी असला की ते तुटत नाही, पण वाकतं. तलवारीला दोन्ही गुण हवेत. जपानी लोहाराची सगळी खटपट या एका अडचणीभोवती फिरते.

तिथे लोहवाळू आणि लाकडी कोळसा मातीच्या भट्टीत थरावर थर घालून तीन दिवस, तीन रात्री पेटवतात. या भट्टीला ‘तातारा’ म्हणतात. शेवटी भट्टी फोडून पोलादाचा मोठा गोळा बाहेर काढतात. त्यातले निवडक तुकडे म्हणजे ‘तामाहागाने’. पण त्यात कार्बन कुठे जास्त, कुठे कमी, शिवाय धातुमळी अडकलेली. म्हणून लोहार ते तापवतो, ठोकतो, घडी घालतो, पुन्हा ठोकतो. दहा घड्यांत हजारावर थर होतात. हजारो थरांमुळे तलवार बळकट होते असं आपण ऐकतो, पण खरा हेतू साधा आहे : मळी बाहेर काढायची आणि कार्बन सगळीकडे सारखा करायचा. पिठाचा गोळा मळतो ना आपण, तसंच. मग मऊ लोखंडाचा गाभा आणि त्यावर कडक पोलादाचं आवरण अशी पात्याची जोडणी होते.

शेवटची पायरी सगळ्यात जोखमीची. पात्यावर मातीचा लेप देतात, पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ. पातं तापवून पाण्यात बुडवलं की धार झटकन थंड होऊन कडक बनते. पाठ हळू निवते आणि चिवट राहते. कडक झालेल्या धारेचं आकारमान किंचित वाढतं आणि पातं पाठीकडे वाकतं. जपानी तलवारीचा तो प्रसिद्ध बाक बराचसा या पाण्यातच येतो. आणि कधीकधी याच क्षणी पातं तडकतं. मग महिन्याभराची मेहनत पाण्यात, अगदी शब्दशः!

आता आपल्याकडे या. वर्धा जिल्ह्यातलं खैरवाडा, नागपूरजवळची महूरझरी, टाकळघाट-खापा, नैकुंड : ही सगळी शिळावर्तुळांची ठिकाणं, लोहयुगातली. त्या काळच्या इथल्या दफनांत लोखंडी कुऱ्हाडी, कट्यारी, घोड्यांचे लगाम सापडले. नैकुंडला १९७८-८० च्या उत्खननात लोखंड गाळायची लहानशी गोल भट्टीच मिळाली. मातीच्या वळणदार विटांची, सोबत वारा घालायच्या नळ्या आणि धातुमळी. वय अडीच हजार वर्षांहून जास्त. महूरझरी आणि नैकुंडच्या वस्तूंची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली, तेव्हा दिसलं की बरंचसं लोखंड मऊ आहे, पण जिथे काम पडतं त्या भागात काही वस्तूंत पोलाद आहे आणि त्याला पाणी दिल्याच्या खुणाही आहेत. म्हणजे अडचण तीच, आणि उत्तराची दिशाही तीच. कुणी कुणाकडून शिकलं असं मी म्हणत नाही. लोखंडाचा स्वभावच माणसाला त्या वाटेला नेतो.

आपल्या भाषेतही हे ज्ञान मुरलेलं आहे. विळ्याला ‘पाणी पाजतात’, फाळ ‘शेवटून’ आणतात, आणि माणूस ‘पाणीदार’ असतो.

मग फरक कुठे पडला? १८७६ मध्ये जपानमध्ये तलवार बाळगण्यावर बंदी आली आणि लोहारांचा धंदा बसला. पुढे तातारा भट्ट्याही विझल्या. पण १९७७ मध्ये शिमाने प्रांतातल्या ओकुइझुमोला तातारा मुद्दाम पुन्हा पेटवली गेली. आज तिथे परवानाधारक गुरूकडे पाच वर्षं उमेदवारी केल्याशिवाय तलवारकार होता येत नाही. म्हणजे जवळपास ज्या वर्षांत आपण आपली भट्टी जमिनीतून उकरून काढत होतो, त्याच सुमारास त्यांनी त्यांची भट्टी पेटवली.

आपल्याकडे ग्रामोद्योगांचा विचार नव्हता असं नाही. वर्ध्याचं मगन संग्रहालय १९३८ पासून उभं आहे. पण भात्यासमोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यातलं ज्ञान कपाटात मांडता येत नाही. आज गावचा लोहार ट्रकच्या जुन्या पाट्यांपासून कोयते करतो. पोलाद आयतं मिळतं, त्यामुळे मऊ लोखंडाला पोलादी धार जोडायची गरज कमी झाली आणि ते कसबही मागे पडलं. उरलं आहे ते पाणी देणं. तापलेल्या लोखंडाचा नेमका कोणता रंग आला की ते बुडवायचं, हे त्याला कळतं. हा रंग भर उन्हात नीट दिसत नाही, म्हणून लोहार सावली धरतो. जपानी लोहार तर त्यासाठी अंधार करतो.

तेव्हा एक करा. पुढच्या वेळी विळा घेऊन लोहाराकडे जाल, तेव्हा भाव करून निघू नका. ‘दादा, पाणी कधी देता? किती बुडवता?’ एवढं विचारा आणि लिहून ठेवा. नैकुंडच्या लोहाराला ते विचारायला आता कुणालाच जाता येणार नाही.